डाव्या बाजूचं दार

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ती दोन्ही माणसं आजही कर्जतजवळच्या कळंबला राहतात आणि त्यातला एक माझा सख्खा मामा आहे.

आधीच सांगतो, यात अमावास्या नाही. रात्रसुद्धा नाही.

जे झालं ते भर दिवसा, डोक्यावर ऊन असताना झालं. होळी नुकतीच होऊन गेली होती. जागा म्हणाल तर खोपोलीहून कर्जतला येताना केळवली आणि पळसदरीच्या मधला रस्ता. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या रस्त्यानं रोज जात असतील.

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हसलो होतो.

आता हसत नाही.

नवनाथमामा भिवपुरीच्या वीजकेंद्रात ऑपरेटर आहे. शांत माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत, राजकारण नाही. नाद एकच... गाडी.

साधीसुधी गाडी नव्हे. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, लालभडक जपानी स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. अशी गाडी आमच्या भागात एकच आहे, लोक लगेच ओळखतील. एका फार्महाऊसवाल्यानं ती हौसेनं आणली होती आणि कंटाळून ताडपत्रीखाली टाकून दिली होती. मामानं ती टेंपोत घालून घरी आणली. घरामागचा गोठा रिकामाच होता. गव्हाणी काढल्या, जमीन सिमेंटची केली आणि गुरांच्या जागी गाडी बांधली, असं आम्ही त्याला चिडवायचो.

तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात. बटण दाबलं की झोपेतून डोळे उघडावेत तसे वर येतात. त्यातला एक हमखास अडकायचा. मग मामा उतरायचा, त्याला हलकीशी टपली मारायचा आणि तो उघडायचा. दुसरा कोणी वैतागला असता. मामाला त्यातच मजा वाटायची.

सुट्टीच्या दिवशी चहा झाला की तो गोठ्यात शिरायचा. प्लग काढून घासायचे, ऑइल बघायचं, रबरी नळ्या बोटांनी चाचपायच्या. जुन्या गाडीचं असंच असतं. एक दुरुस्त करावं तर दुसरं डोकं वर काढतं. मिळत नसलेला पार्ट दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आणून, कानशीनं घासून घासून तो बसवायचा. आणि सगळं जुळलं की कर्जत, पळसदरी, खोपोली करत खालापूरपर्यंत एक चक्कर. टोलनाक्याच्या अलीकडं एक चहाची टपरी आहे. तिथं गाडी उभी करून हा लांबच्या बाकड्यावर बसायचा आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढतात ते बघत राहायचा. गाडी आपली आहे हे सांगायचाही नाही.

सुनितामामी म्हणायची, "सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती तिनं."

या गाडीबद्दल एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

तिला दोनच दारं. मागं नावापुरती एक अरुंद सीट आहे, पण मागच्या माणसाला दार नाही. त्याला उतरायचं तर आधी पुढच्यानं उतरायचं, पुढच्या सीटचा खटका ओढून ती सीट पुढं वाकवायची, मग मागचा बाहेर येणार.

पुढच्यानं सीट वाकवली नाही, तर मागचा आतच.

झालं असं की आमच्याकडच्या पावसानं गाडीचं डावं दार खालून सडलं. पत्रा हातात यायला लागला. मामा कित्येक वर्षं दुसरं दार शोधत होता. अशा गाड्या इथं मुळात कमी, त्यांची दारं कुठून मिळणार? शेवटी तळोज्याकडच्या एका भंगारवाल्याकडं त्याला ते दिसलं. निळ्या रंगाचं, पण त्याच मॉडेलचं. काच शाबूत, कडी शाबूत.

मामा त्या दिवशी लहान पोरासारखा खूश होता.

दार रंगवायला कर्जतच्या राजेशकडं दिलं. राजेश डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, मामाच्या ओळखीचा. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, जरा येऊन जा म्हणून.

"दादा, ह्ये दार कुठनं आनलंत?"

"का रं?"

राजेशनं मामाचा हात धरून दारावरून फिरवला. कडीच्या खाली, अगदी तळाशी, पत्र्याला गोल गोल फुगवटे होते.

"बाहेरनं ठोकर बसली तर पत्रा आत जातो. ह्यो बघा, बाहेर आलाय."

"म्हंजे आतनं लागलंय."

"त्येच तर. पन आतल्या अंगाला अजून एक पत्रा असतो ना. त्याला कायसुदिक झालेलं नाय."

मामानं वाकून पाहिलं. खरंच होतं. आतला पत्रा सपाट होता आणि बाहेरचा फुगलेला.

प्रत्येक फुगवटा... माणसाच्या टाचेएवढा.

राजेशनं ते ठोकून बसवले, पुट्टी भरली, लाल रंग मारला. दार असं बसलं की नवं-जुनं ओळखू येऊ नये. मामानं ते उघडून लावून पाहिलं. लावताना जड, भरीव आवाज आला. त्याला बरं वाटलं. पुढचे काही दिवस तो ड्यूटीवरून आला की उगाचच एकदा ते दार उघडून लावायचा.

मग एके दिवशी संध्याकाळी चिमाकाकी अंगणात आली.

चिमाकाकी शेजारची. तिच्या शेळ्या दिवसभर गोठ्यामागच्या माळावर असतात.

"नवनाथ, गाडीत कोनाला कोंडून गेलतास रं?"

मामाला वाटलं थट्टा करतेय. "कोनाला कोंडू काकी?"

"मला काय म्हाईत. दुपारभर आतनं ठोकत व्हतं. मला वाटलं कुनाचं पोर अडाकलं. जाऊन बघितलं तर कोनी नाय. माघारी शेळ्यांकडं आले... तर परत चालू."

"ऊन तापलं की पत्रा वाजतो, काकी."

काकीनं त्याच्याकडं पाहिलं.

"पत्रा दम खाऊन वाजतो व्हय? आदी जोरात. मंग हळू. मंग जरा थांबून... परत जोरात."

 रात्री जेवताना मामानं हे मामीलाही सांगितलं नाही. विजेच्या कामात आयुष्य गेलेला माणूस तो. आवाज आहे म्हणजे त्याला कारण आहे, एवढंच त्याला ठाऊक.

पुढच्या सुट्टीला त्यानं स्वतः ऐकलं.

गाडी जॅकवर चढवून, खाली ठोकळे लावून तो ऑइल काढायला तिच्याखाली शिरला होता. सकाळ सरून ऊन वर आलं होतं. बाहेर शेळ्यांचे आवाज. मामी विहिरीवर धुणं धूत होती, तिचे आपटण्याचे आवाजही येत होते.

धप्...

मामाचा हात थांबला.

धप्... धप्...

हा धुण्याचा आवाज नव्हता. हा त्याच्या डोक्यावरच, डाव्या बाजूला होता.

"सुनिता?"

 गाडीखालून बाहेरची जमीन दिसत होती. गाडीच्या भोवती कुठंच पाय नव्हते. विहिरीवर धुणं चालूच होतं.

धप्... धप्... धप्...

आता गाडी हलायला लागली. थोडीशीच. पण हा तिच्याखाली होता. ठोकळ्यावर धूळ झडताना त्याला दिसली.

तो कसा बाहेर आला ते त्यालाच आठवत नाही. पाठ सोलवटून निघाली होती.

उभा राहून पाहतो तर आवाज बंद. गाडीत कोणी नाही. बाकीच्या सगळ्या काचा कोरड्या, स्वच्छ. फक्त डाव्या दाराची काच...

आतून वाफेनं भरली होती.

थंडीत बंद गाडीत माणसं बसली की भरते, तशी. पण थंडी नव्हती. आणि माणूसही नव्हतं.

मामानं थोडा वेळ जाऊ दिला आणि दार उघडलं. आतून गरम हवा अंगावर आली. घामाचा वास होता तिला. कोणीतरी फार वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा, तशी ती आली आणि विरून गेली.

त्या दिवसापासून गाडी गोठ्यात असली की मामा डावं दार उघडं ठेवायला लागला. मामीनं विचारलं तर म्हणाला, सीटला कुबट वास येतोय.

दार उघडं असलं की आवाज येत नसे.

पण आठवडाभरात रंगाला बारीक चिरा पडल्या. मामानं हात फिरवला. कडीच्या खाली, अगदी तळाशी... राजेशनं बसवलेले फुगवटे पुन्हा वर आले होते.

त्यानं भंगारवाल्याला फोन केला. ते दार कुठल्या गाडीचं होतं? ती गाडी बघायला मिळेल का?

भंगारवाला म्हणाला, "गाडी आलीच नव्हती हो. नुसतं दार आलं होतं."

खरं तर त्याच वेळी ते दार काढून टाकायला हवं होतं. मामा स्वतःच आता तसं म्हणतो. पण इतकी वर्षं शोधून मिळालेलं, इतकं चपखल बसलेलं. जुन्या गाडीचं वेड ज्याला आहे त्यालाच हे समजेल. काढतो, काढतो म्हणत त्यानं ते ठेवलं.

आणि मग खालापूरचं बारसं आलं.

मामीच्या बहिणीची, सुनंदामावशीची नात. मामी एरवी या गाडीत बसायला नाखूश असायची, फार खाली बसावं लागतं म्हणून. पण त्या दिवशी स्वतःच म्हणाली, "चला, आज माझ्या सवतीतनंच जाऊ."

नको म्हणायला मामाकडं सांगण्यासारखं कारण नव्हतं.

जाताना काही झालं नाही. गाडी सुंदर चालली. खोपोलीच्या पुढं मोकळा रस्ता मिळाल्यावर मामानं गिअर टाकला, इंजिनाचा आवाज चढला आणि मामी पण हसली. "आवडलं बरं का," म्हणाली. मामाच्या मनातलं सगळं मळभ गेलं. बारसं झालं. जेवणं झाली. दुपारीच दोघं परत निघाली.

केळवली मागं पडल्यावर गाडीनं एक आचका दिला.

मग दुसरा.

आणि बंद पडली. मामानं ती उताराच्या जोरावर रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्हीकडं पिवळं पडलेलं गवत. सावली नाही. आधी मागून येणाऱ्या दोन गाड्या पुढं गेल्या, मग रस्ता मोकळाच.

"तू बस आत. उन्हात कशाला उतरतेस. वायर हलली आसंल."

त्यानं बॉनेटचा खटका ओढला, उतरून दार लावलं आणि बॉनेट उघडलं. करपलेल्या वायरीचा वास नाकात शिरला. धूरही होता, पण तो इंजिनातून येत नव्हता. गाडीच्या आतल्या बाजूनं, डॅशबोर्डच्या खालून येत होता. मामानं पहिलं काम केलं ते बॅटरीची वायर उपसण्याचं. पान्याची वाट न बघता हातानंच हिसडून काढली.

"सुनिता, उतर. बाहेर ये लगेच."

त्याच क्षणाला...

खट्.

दोन्ही दारांची लॉकं एकदम पडली.

मामा हे सांगताना इथं नेहमी थांबतो. कारण बॅटरीची वायर तेव्हा त्याच्या हातात होती. गाडीत वीजच नव्हती.

मामीनं कडी ओढली. दार उघडेना. तिनं लॉकचा खटका वर ओढला. तो वर आला आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा खाली गेला... कोणी दाबल्यासारखा. मामा डाव्या दाराला झोंबला. मग पळत उजव्या. दोन्ही घट्ट. काचा विजेवर चालणाऱ्या, त्या खाली होईनात. चावी आत. डिकी उघडायचा खटका आत. जॅक, पाना, हातोडी, सगळं डिकीत.

आत धूर वाढत होता. वायर काढली तरी खालचा गालिचा धुमसायला लागला होता.

मामी दोन्ही हातांनी काचेवर मारत होती. तिचा आवाज बाहेर येत नव्हता, नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं.

मामानं रस्त्याकडेचा विटेचा तुकडा उचलला आणि काचेवर हाणला. वीट फुटली, काच नाही. त्यानं कोपर मारलं. हात कोपरापासून बधीर झाला. रस्त्यावर कोणी नाही. त्यानं आजूबाजूला दुसरा दगड शोधला, गवतात हात घातले, काही सापडलं नाही. परत फिरून पाहतो तर...

मामीचे हात थांबले होते.

मामा काचेला डोळे लावून बघत होता. धुरात त्याला ती दिसत होती. ती घाबरलेली नव्हती. मान वळवून ती मागच्या सीटकडं बघत होती. कोणी काही सांगत असताना आपण ऐकतो ना... तशी. नीट कान देऊन.

तिनं एकदा मान हलवली. हो म्हटल्यासारखी.

मग ती ड्रायव्हरच्या बाजूला पाठ करून आडवी झाली. साडी गुडघ्यापर्यंत गोळा केली. दोन्ही पाय छातीशी घेतले आणि दाराच्या तळाशी, कडीच्या खाली, दोन्ही टाचा एकदम मारल्या.

धप्...

तोच आवाज. गोठ्यातला.

धप्...

मामा मागं सरला.

तिसऱ्या लाथेला दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आला आणि मामी त्यातून रांगत, खोकत खाली पडली. मामानं तिला धरून ओढलं. रस्त्याच्या पलीकडं न्यायला लागला.

आणि मामीनं त्याचा हात सोडवून घेतला.

ती परत गाडीकडं गेली.

"सुनिता, काय करतेस? राहू दे त्ये."

ती वाकली. धुरात हात घालून तिनं सीटचा खटका चाचपला. ओढला. सीट पुढं वाकली. मग एका हातानं दार पूर्ण उघडं धरून ती बाजूला सरली... आणि थांबली.

तशीच. उन्हात. थोडा वेळ.

मामा बघत होता. मागची सीट त्याला दिसत होती. रिकामी. वारा नव्हता, गवताचं पातं हलत नव्हतं. तरीही मामी दार धरून उभी होती आणि एकदा तिचा एक खांदा किंचित खाली झुकला.

मग तिनं दार सोडलं. रस्ता ओलांडून मामाजवळ आली आणि मातीत बसली.

खोपोलीकडून एक टेंपो येत होता. ड्रायव्हरनं पाण्याचे कॅन ओतून आग विझवली. भला माणूस, त्यानंच गाडी ओढून कळंबपर्यंत आणली. डॅशबोर्ड काळा झाला होता, गालिचा जळला होता. बाकी गाडी वाचली.

मामीनं संध्याकाळी चहा घेतल्यावर सांगितलं, आपणहून.

"मागनं कोनीतरी बोललं."

मामानं हातातला कप खाली ठेवला.

"'हातानं नको,' म्हनलं. 'हातानं काय होत नाय. टाचेनं मार. खाली मार.'"

"बाईमानूस होतं?"

"ते नाय सांगता येत. घसा बसला होता त्याचा." मामी कपाकडं बघत राहिली. "लई वेळ ओरडल्यावर बसतो ना, तसा."

"आन् सीट का वाकवलीस?"

"त्याला उतरायचं होतं. मागच्या मानसाला दार कुठंय तुमच्या गाडीत?"

ती इतकं साधं बोलली की मामाला पुढं विचारवेना.

त्यानंतर गाडीतून एकदाही आवाज आला नाही. मामानं दार बंद ठेवून बघितलं. भर दुपारी गोठ्यात जाऊन बसून बघितलं. काच कोरडी. चिमाकाकीनं पण सांगितलं, आता शांत आहे म्हणून. पावसाळाभर बसून त्यानं नवी वायरिंग ओढली, नवा गालिचा टाकला. दसऱ्याला गाडी पुन्हा चालू झाली. दिवे पुन्हा डोळ्यांसारखे उघडायला लागले. गाडीवरचं त्याचं प्रेम काही आटलं नाही. फक्त खालापूरला जायचं असेल तर आता तो चौक गावावरून जातो, लांब पडलं तरी.

दिवाळीत मी कळंबला गेलो होतो. मामा मला गोठ्यात घेऊन गेला. बॉनेट उघडून नवी वायरिंग दाखवली, प्रत्येक जोड हात लावून दाखवला. मग बॅटरीची वायर काढून माझ्या हातात दिली.

"आत बस. लॉक पाडून दाखव, बोट न लावता."

कसं पाडणार? वीजच नाही.

"मी लई वेळा करून बघितलं," मामा म्हणाला. "एकदा पन पडलं नाय." त्यानं वायर परत लावली, नट घट्ट केला. "सुनिता म्हनते, त्यानं मला वाचवलं. खरं हाय. त्यानं सांगितलं नसतं तर ती आतच ऱ्हायली असती."

"मग?"

"मग तिला कोंडलं कोनी?"

 मामा पुसलेलाच पाना पुन्हा पुसत होता.

"गोठ्यात मी दार उघडून ठेवायचो," तो हळू आवाजात म्हणाला. "पन सीट कधी वाकवली नाय. मला सुचलंच नाय. त्याला कोनीतरी पायजे होतं, सीट वाकवनारं. आत अडकनं काय असतं त्ये समजून वाकवनारं."

आम्ही घरात आलो. मामी माजघरात करंज्या डब्यात भरत होती. छान होती. हसत होती, माझ्या नोकरीचं विचारत होती. मला राहवलं नाही.

"मामी, त्या दिवशी तुला कोणी उतरताना दिसलं का गं?"

मामानं माझ्याकडं नाराजीनं पाहिलं. पण मामी रागावली नाही.

"दिसलं नाय," ती म्हणाली. "पन उतरताना माझ्या खांद्याला धरलं. म्हातारं मानूस कसं धरतं, आधाराला. सगळा भार टाकला." तिनं डब्याचं झाकण लावलं. "हात गरम व्हता."

हे मामानं पण पहिल्यांदाच ऐकलं. त्याच्या तोंडावर दिसलं मला.

"मग... सोडला ना हात?" मी विचारलं.



तिनं डबा उचलला, पदर सारखा केला आणि स्वयंपाकघराकडं निघाली. उंबऱ्यापाशी पोचल्यावर तिनं दार उघडलं. एका हातानं ते धरून ठेवलं, जरा बाजूला सरली आणि थांबली. आपल्याबरोबरच्या माणसाला आधी आत जाऊ द्यावं, तशी.

मग स्वतः आत गेली.

मामा बघत होता. मी पण बघत होतो.